रंग उतरवण्याआधी

लालभडक जास्वंद आणि तिच्याभोवतीची गर्द हिरवी पानं यांच्यात गल्लत होणं शक्यच नाही, असं आपल्याला वाटतं. डोळ्यांपुरतं ते खरंही आहे. पण त्याच फांदीचा फोटो काढून संगणकावर एका बटणाने त्यातले रंग घालवले, की फूल पानांत विरून जातं. पाकळीची कड कुठे संपली आणि पान कुठे सुरू झालं हे शोधावं लागतं. पिवळ्या परागांचा लांब दांडा तेवढा उठून दिसतो. यामागे साधा हिशेब आहे. रंगीत चित्राचं कृष्णधवल करण्याच्या नेहमीच्या सूत्रात प्रत्येक बिंदूतला लाल साधारण ३० टक्के, हिरवा ५९ टक्के आणि निळा ११ टक्के धरतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा उजेड सर्वांत जास्त जाणवतो आणि निळा सर्वांत कमी. आता पाकळीवरचा एक बिंदू घेऊ : लाल २००, हिरवा २०, निळा ३०. पानावरचा एक घेऊ : लाल ५०, हिरवा ९५, निळा ४०. दोन्हींना हे सूत्र लावून पाहा. उत्तर दोन्हीकडे ७५ येतं.

फुलांच्या कृष्णधवल छायाचित्रणातली सगळी अडचण आणि सगळा आनंद या ७५ मध्ये आहे. रंग फुलाला पानापासून आणि एका पाकळीला दुसरीपासून सोडवून दाखवतो. तो गेला की हे काम उजेडाला, आकाराला आणि पोताला करावं लागतं, आणि त्याची तजवीज फोटो काढण्याआधी टेबलावरच करावी लागते. त्याच वेळी रंग कॅमेऱ्यातल्या फाइलमध्ये शाबूत राहायला हवा. पाकळी किती काळी आणि पान किती फिकट हे पुढे ठरवायचं ते त्या रंगाच्याच आधाराने. कृष्णधवल चित्राला रंग शेवटच्या घटकेपर्यंत लागतो. हे पुस्तक या एका गोष्टीभोवती लिहिलं आहे.

घरातच का, याचं उत्तर थोडक्यात देता येतं. बागेत वारा असतो, मागे कुंड्या, भिंती आणि दोरीवरचे कपडे असतात, आणि ऊन आपल्या सांगण्यावरून सरकत नाही. घरात एक खिडकी, एक टेबल आणि दोन-तीन पुठ्ठे एवढ्यावर उजेड आपल्या हातात येतो. रंगीत चित्रात मागचा पसारा थोडाफार खपून जातो, कारण फुलाचा रंग नजर धरून ठेवतो. कृष्णधवलात तो पसारा फुलाच्या बरोबरीने बोलू लागतो.

करड्या छटा कोणी ठरवायच्या, हा प्रश्न फोटोग्राफीइतकाच जुना आहे, आणि त्याचं उत्तर प्रत्येक काळात वेगळं होतं. १८५० च्या दशकात आल्सास प्रांतातल्या म्यूलूझ या कापडगिरण्यांच्या गावी अडोल्फ ब्राउन या कापडाच्या नक्षीकाराने फुलांचे सुमारे ३०० फोटो काढले. छापील कापडावर फुलं रेखाटणाऱ्यांना चांगले नमुने मिळावेत, हा त्याचा हेतू. त्याच्या काचेवर लावलेलं रसायन फक्त निळा-जांभळा उजेड ओळखायचं. निळं फूल फिकट यायचं. लाल आणि पिवळं जवळजवळ काळं. आपलं गोकर्ण आणि आपला झेंडू त्या काचेपुढे शेजारी ठेवले असते तर गोकर्ण उजळलं असतं आणि तेजस्वी झेंडू काळाकुट्ट झाला असता. इथे छटा रसायन ठरवत होतं. फोटोग्राफरला त्यात बोलायला जागा नव्हती.

१८७३ मध्ये बर्लिनच्या हर्मान फोगेल यांच्या लक्षात आलं, की काचेच्या प्लेटवरच्या रसायनात काही विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर तिला हिरवा उजेडही दिसू लागतो. लाल उजेडापर्यंत पोचायला मात्र आणखी काही दशकं लागली. सगळे रंग ओळखणारी, म्हणजे पॅनक्रोमॅटिक, प्लेट १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीने बाजारात आणली. आता भिंगापुढे रंगीत काच धरण्याला अर्थ आला. लाल काच लावली की जास्वंद उजळते आणि पानं काळवंडतात; हिरवी काच लावली की नेमकं उलट. त्या कंपनीच्या नावाने ओळखले जाणारे फिल्टरांचे नंबर आजही चालू आहेत. २५ नंबर म्हणजे लाल आणि ५८ म्हणजे हिरवा, हे जुन्या फोटोग्राफरना तोंडपाठ असायचं. निर्णय माणसाच्या हाती आला होता, पण तो बटण दाबण्याआधी घ्यावा लागे आणि नंतर फिरवता येत नसे.

डिजिटल कॅमेऱ्याने हा निर्णय पुढे ढकलला. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या रचनेचं पेटंट मिळालं, ती आज बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये आहे : सेन्सरच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यावर एक रंगीत चाळणी, त्यांतल्या निम्म्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या. म्हणजे एकदा बटण दाबलं, की लाल काचेतून, हिरव्या काचेतून आणि निळ्या काचेतून अशी तीन कृष्णधवल चित्रं आपोआप मिळतात. त्यांतलं कुठलं किती घ्यायचं हे सावकाश, घरी बसून ठरवता येतं. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा आणि गुलाबी असे आठ स्लायडर असतात. उलट बाजूने, लायका कंपनीने २०१२ मध्ये चाळणीच नसलेला, फक्त कृष्णधवल टिपणारा कॅमेरा आणला. त्यातलं चित्र फार बारीक तपशिलाचं येतं, पण जास्वंद आणि पान वेगळं करायचं तर पुन्हा भिंगापुढे रंगीत काच धरावी लागते.

मला नंतर ठरवण्याची मोकळीक हवीशी वाटते, म्हणूनच तिचा धोकाही सांगायला हवा. सगळं नंतर करता येईल, या भरवशावर माणूस टेबलाशी ढिला पडतो. स्लायडर रंगांवर चालतो, आकारावर चालत नाही. एकाच रंगाच्या दोन पाकळ्या एकमेकींवर आल्या असतील आणि त्यांच्यामध्ये सावली पडली नसेल, तर त्यांना वेगळं करणारा स्लायडर नाही. तिथे पुठ्ठा एक इंच पुढे सरकवणं हाच उपाय, आणि तो वेळेवरच करावा लागतो.

या वाटेवरचे थोर लोक पाहिले तर त्यांनीही टेबलाशीच जास्त वेळ घालवलेला दिसतो. बर्लिनच्या कलाशाळेत शिकवणारे कार्ल ब्लॉसफेल्ट फोटोग्राफीचं शिक्षण घेतलेले नव्हते. वनस्पतींवरून आकार घडवायला विद्यार्थ्यांना शिकवताना नमुने म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं कळ्या, देठ, कोंब, नेच्याचे गुंडाळलेले शेंडे यांचे फोटो काढले आणि ते कित्येक पटींनी मोठे केले. १९२८ मध्ये त्यांतल्या १२० चित्रांचं 'उरफॉर्मेन डेर कुन्स्ट' हे पुस्तक निघालं आणि साठी ओलांडलेला हा शिक्षक एकदम प्रसिद्ध झाला. त्यांची पद्धत इतकी साधी होती की तिची कुठल्याही घरात नक्कल करता येते : मऊ दिवसाउजेड, मागे साधा पुठ्ठा, आणि वनस्पती अगदी समोरून. त्यांच्या अनेक चित्रांमागचा पुठ्ठा करडा आहे. काळ्यावर काळी कड हरवते, पांढऱ्यावर पांढरी. करड्यावर दोन्ही टिकतात. आजकाल फुलामागे काळाभोर पडदा टाकण्याची जी सवय सगळ्यांना लागली आहे, तिच्यापेक्षा मला ब्लॉसफेल्ट यांचा करडा पुठ्ठा शंभरदा पसंत आहे. काळा पडदा पांढऱ्या फुलाला लगेच नाट्य देतो हे मान्य, पण फुलाची सावलीकडची बाजू तो गिळून टाकतो, आणि फुलाची गोलाई तर त्या बाजूलाच असते.

अमेरिकेतल्या इमोजेन कनिंगहॅम यांनी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून मग फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला होता. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात, घरात तीन लहान मुलगे असताना, त्यांना कामासाठी दूर जाणं जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा त्यांनी आपल्या बागेतली झाडं-फुलं समोर घेतली. १९२५ मधलं त्यांचं मॅग्नोलियाचं फूल आजही थक्क करतं. चौकट पाकळ्यांनी भरलेली आहे, मधोमध केसरांचा उभा शंकू, आणि पांढऱ्याच्या इतक्या छटा की पांढरा हा एक रंग आहे यावर विश्वास बसू नये. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट मेपलथॉर्प यांनी १९८० च्या दशकात स्टुडिओच्या दिव्यांखाली काढलेली कॅला लिली अगदी वेगळ्या स्वभावाची आहे : थंड, रेखीव, एकटी. पण एक गोष्ट दोघांत समान आहे. फूल पांढरं आहे. (कॅला लिलीची ती पांढरी 'पाकळी' खरं तर पाकळी नसून रूप बदललेलं पान असतं; केळफुलाच्या जांभळ्या सालीचं आणि तिचं नातं जवळचं.) पांढऱ्या फुलात रंगांचा गुंता नसतो, सगळी मदार उजेडावर. म्हणून सुरुवात करणाऱ्याने तगर, अनंत, सोनटक्का, पांढरी जास्वंद अशा फुलांवर हात बसवावा आणि लाल-पिवळ्याकडे मग वळावं, असं मी सांगतो.

या दोघांच्या जोडीने एडवर्ड वेस्टन यांच्या १९३० मधल्या ढोबळ्या मिरचीचा उल्लेख करतो, कारण त्यातली युक्ती फुलांना जशीच्या तशी लागू पडते. त्यांनी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या अंगाने उजेड चहूबाजूंनी तिच्यावर परतवला आणि तिच्या वळ्या शरीरासारख्या जिवंत झाल्या. आपल्याकडे जुनं, चमक गेलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं हे काम उत्तम करतं. ते आडवं ठेवून तोंडाशी फूल ठेवायचं आणि खिडकी पातेल्याच्या तोंडासमोर येऊ द्यायची.

आता आपल्या फुलांकडे वळतो, कारण इथे परदेशी पुस्तकं साथ सोडतात. ती पुस्तकं उभ्या देठाचं, फुलदाणीतलं फूल गृहीत धरतात. आपल्याकडची बरीचशी फुलं देठाशिवायच घरात येतात. पुण्याच्या मार्केट यार्डात आणि दादरच्या फूलबाजारात झेंडू, शेवंती, सुटा निशिगंध वजनावर विकला जातो. मोगरा आणि अबोली गजऱ्यात येतात. प्राजक्त तर झाडाखालून वेचूनच आणायचा. लांब देठाची फुलं हवी असतील तर गुलाब, जरबेरा, ग्लॅडिओलस, निशिगंधाच्या काड्या, नाहीतर आपल्या कुंडीतली जास्वंद. त्यामुळे आपल्या फुलांचं चित्र बहुधा वरून घ्यावं लागतं. फूल परडीत, ताम्हनात, सुपात, पाटावर आडवं असतं, आणि मला ती मांडणी फुलदाणीपेक्षा जास्त आपली वाटते. कॅमेरा वर असला तरी उजेड मात्र बाजूने, खालच्या कोनातून यायला हवा. खिडकीची चौकट आणि फुलाची पातळी जवळपास एक असली, की झेंडूच्या प्रत्येक चुणीला स्वतःची सावली मिळते. तोच झेंडू छतावरच्या ट्यूबलाइटखाली सपाट चकती होतो.

खिडकीबद्दलही तसंच. उत्तरेची खिडकी घ्या, तिच्यातून थेट ऊन येत नाही, असं युरोपातली पुस्तकं सांगतात; तिथे ते बहुतेक वेळ बरोबर आहे. पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो नि मावळतो तोही उत्तरेकडे सरकून. म्हणजे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत येतं. त्याला घाबरायचं कारण नाही. खिडकीवर जुनी मलमल किंवा ट्रेसिंग पेपर लावला, की खिडकीच एक मोठा, मऊ दिवा होते. पावसाळ्यात त्याचीही गरज नाही. ढग तेच काम करतात आणि कुठल्याही दिशेची खिडकी चालते. शिवाय तेरडा, सोनटक्का, गुलबक्षी यांचाही तोच हंगाम. मला विचाराल तर या कामासाठी महाराष्ट्रात श्रावण-भाद्रपदासारखे महिने नाहीत.

खिडकीचा उजेड चालू असताना घरातला दिवा बंद ठेवावा. हे कृष्णधवलात चालून जाईल असं अनेकांना वाटतं, पण रंग फाइलमध्ये आहेतच. आभाळाचा उजेड निळसर, घरातला बल्ब पिवळसर; पांढऱ्या तगरीची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी टिपली जाते, आणि पुढे पिवळा स्लायडर हलवला की अर्धंच फूल काळवंडतं.

एका फुलापाशी जरा थांबू. जास्वंद कॅमेऱ्यापुढे सर्वांत सोशिक. सकाळी उमललेलं फूल देठाला पाणी मिळालं नाही तरी संध्याकाळपर्यंत उघडं राहतं, म्हणून घाई नसते. तिचा रंगीत फोटो संगणकावर उघडून तिन्ही चॅनल सुटे पाहावेत. लाल चॅनलमध्ये पाकळ्या जवळजवळ पांढऱ्या, गुळगुळीत दिसतात. शिरांचा मागमूस नसतो. हिरव्या चॅनलमध्ये त्याच पाकळ्या काळोख्या होतात, पण देठापासून कडेपर्यंत पंख्यासारख्या पसरलेल्या शिरा, कडेच्या बारीक चुण्या, गाभ्यातला गडद डाग, सगळं उमटतं. निळ्यातही तसंच, पण रवाळ. म्हणजे लाल स्लायडर वर नेला तर रेशमी, हलकी जास्वंद मिळते आणि शिरा जातात. खाली आणला तर मखमली, जड जास्वंद मिळते आणि शिरा येतात. पान यांपैकी कशालाही फारसं बधत नाही, त्याची चावी पिवळ्या-हिरव्या स्लायडरांत. सुरुवातीचा ७५ चा पेच इथे सुटतो, आणि तो दोन्ही दिशांनी सुटतो : काळ्या पानांवर उजळ फूल, नाहीतर फिकट पानांवर काळं फूल. कुठली दिशा धरायची हे फोटो काढण्याआधी ठरलेलं असावं. काळं फूल हवं असेल तर उजेड मागून, पाकळीच्या आरपार आणायचा म्हणजे शिरा आणखी ठसठशीत होतात. उजळ हवं असेल तर समोर-बाजूने, म्हणजे पाकळीची लाट दिसते.

जास्वंदीत आणखी एक गोम आहे. लाल आणि नारिंगी फुलांत लाल चॅनल बाकीच्यांच्या फार आधी भरून वाहतो. कॅमेऱ्याचा एकरंगी हिस्टोग्राम सगळं ठीक आहे म्हणतो, आणि पाकळीतला निम्मा तपशील तोवर गेलेला असतो. म्हणून तिन्ही रंगांचा सुटा हिस्टोग्राम चालू करावा आणि लाल आलेख उजव्या कडेला आपटत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप कमी करावं. झेंडूचंही हेच. त्याचा पिवळा-केशरी रंग निळा उजेड जवळजवळ पूर्ण शोषून घेतो, लाल चॅनल भरून जातो, आणि पाकळ्यांचं खरं चित्र एकट्या हिरव्या चॅनलमध्ये उरतं.

प्राजक्ताचा खेळ वेगळा. पांढऱ्या पाकळ्यांना स्लायडर लागू नाहीत. लागू आहे तो फक्त केशरी दांडीला. नारिंगी स्लायडर वर नेला की दांडी पाकळ्यांत मिसळते आणि भिरभिऱ्यासारखा एकसंध पांढरा आकार उरतो. खाली आणला की मधोमध काळा ठिपका आणि उलट्या पडलेल्या फुलांत काळ्या काड्या. वेचलेली फुलं ताम्हनात पसरली तर काही उताणी, काही पालथी पडतात. या एका स्लायडरने त्या पसाऱ्याला ताल येतो. पण प्राजक्त फार थांबत नाही. कडा मलूल व्हायच्या आत काम उरकावं, आणि फूल उचलायचं ते दांडीला धरूनच.

अनंत पहिल्या दिवशी शुभ्र असतो आणि मग हळूहळू पिवळसर होत जातो. डोळ्यांना फरक जेमतेम कळतो, पण पिवळा स्लायडर खाली ओढला की प्रत्येक पाकळीचं वय दिसू लागतं : बाहेरच्या थोरल्या पाकळ्या करड्या, आतल्या धाकट्या पांढऱ्या. वर नेला तर सगळं फूल पुन्हा पहिल्या दिवसाचं. कोमेजतं फूल टाकून न देता त्याचाच फोटो काढावा, असं मला वाटतं ते यासाठी. रंगीत चित्रात पिवळा डाग म्हणजे खोट. कृष्णधवलात त्याचा आकार होतो.

पांढऱ्या फुलावर पांढरा पुठ्ठा मागे ठेवायचा असेल तर एक उपाय जरूर करून पाहावा. फुलाच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळे पुठ्ठे उभे करा. पाकळ्यांच्या कडांमध्ये त्यांचा काळोख उतरतो आणि फुलाभोवती एक बारीक करडी रेघ येते, पेन्सिलने काढल्यासारखी. ही रेघ संगणकावर ओढता येत नाही. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या सगळ्याला मधला करडा समजून मोजतो, हेही लक्षात ठेवावं : पांढऱ्यावर पांढरं असेल तर एक-दीड स्टॉप वाढवावं लागतं, आणि काळ्या पडद्यापुढे एकटी तगर असेल तर उलट कमी करावं लागतं, नाहीतर तिच्या पाकळ्या जळतात.

यंत्राच्या बाजूने फार सांगण्यासारखं नाही. कॅमेरा तिपाईवर, दोन सेकंदांचा टायमर, फाइल रॉ. पडदा कृष्णधवल ठेवून रॉ फाइल घेतली तर मागच्या पडद्यावर करडं चित्र दिसतं आणि फाइलमध्ये रंग पूर्ण राहतात. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू नाही. छताचा पंखा बंद करायला विसरू नये. फूल जवळून घेताना स्पष्ट दिसणारी खोली आश्चर्य वाटावं इतकी कमी असते : फुलफ्रेम कॅमेऱ्यावर वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी मोठी घेतली तर एफ/११ ला ती साधारण सव्वा मिलिमीटर भरते. त्यामुळे नेमकं काय रेखीव हवं ते निवडावंच लागतं. केसरांची टोकं की जवळच्या पाकळीची कड? रंगीत चित्रात धूसर भागही रंगामुळे सुखावतो. कृष्णधवलात मोठा धूसर भाग नुसता पांढुरका राहतो. अनेक फोटो वेगवेगळ्या खोलीवर घेऊन जोडण्याची रीत आहे, ती चांगली आहे, पण फूल तोवर स्थिर राहील हे धरून चालू नये. आडवा ठेवलेला ग्लॅडिओलस काही तासांत शेंडा वर उचलतो.

दोन गोष्टींना माझा ठाम विरोध आहे आणि पुस्तकात त्या कुठेच सापडणार नाहीत. पहिली, पिचकारीने मारलेले पाण्याचे थेंब. कृष्णधवलात प्रत्येक थेंब एक लखलखीत पांढरा ठिपका होतो आणि पाकळीच्या पोताकडे जाणारी नजर वाटेतच अडवतो. पहाटेचं दंव आपोआप आलं असेल तर गोष्ट वेगळी, पण घरात दंव पडत नाही. दुसरी, स्लायडर टोकाला नेणं. आकाशी-निळा पूर्ण खाली ओढला की गोकर्णाचं फूल काळंभोर होतं खरं, पण कडेला पांढरी झालर येते आणि पाकळीवर रवा उमटतो. इतका जोर लावावा लागत असेल तर उजेड चुकला आहे, असं समजून पुन्हा टेबलाशी जावं.

पुस्तकातल्या चित्रांखाली फुलाचं नाव, त्याचा मूळ रंग, खिडकीची दिशा आणि महिना दिला आहे. रंग मुद्दाम लिहिला आहे : आधी चित्र पाहावं, फुलाचा रंग काय असेल याचा अंदाज करावा आणि मग खाली वाचावं. जास्वंद, झेंडू, गोकर्ण आणि प्राजक्त यांची चित्रं समोरासमोरच्या पानांवर जोडीने छापली आहेत. दोन्ही एकाच फाइलमधून काढलेली, फक्त स्लायडर वेगळे. गोकर्णाच्या जोडीतलं फिकट चित्र ब्राउन यांच्या काळच्या काचेवर आलं असतं त्याच्या जवळ जाणारं आहे, आणि मला तेच जास्त आवडतं. बहुतेक वाचकांना काळं आवडेल असा माझा अंदाज आहे. छपाई मॅट कागदावर आहे. त्यावर चकचकीत कागदाइतका गडद काळा उतरत नाही, म्हणून सावल्या पडद्यावरच्यापेक्षा थोड्या उघडून छापल्या आहेत. घरी स्वतःची चित्रं छापणाऱ्यांनीही हे करावं, आणि छापलेला कागद ज्या खिडकीपाशी फोटो काढला तिथेच, दिवसा, धरून तपासावा.